डबा घेऊन फिरायला

उद्यापासून फिरायला जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, कायद्याचा भंग नव्हता, आणि पहाटेच्या एका कप चहापलीकडे बायकोला त्रासही नव्हता. तरीही आठवड्याच्या आत सोलापूरच्या बाळीवेशीतले निम्मे संसार माझ्या मागे रस्त्यावर आले, एका भल्या दुकानदाराला घाम फुटला आणि आमच्या घरी दोन दिवस चूल धड पेटली नाही. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही मलाच दोष द्याल. (शेवटी देणारच आहात, पण जरा उशिरा द्या.)

गेला डिसेंबर, चौऱ्याहत्तर सालचा. मी पुरवठा खात्यात कारकून. साखर, गहू, रॉकेल यांतलं काहीच आमच्या ऑफिसात नसतं, फक्त त्यांचे कागद असतात. असे कागद सतरा वर्षं एकाच खुर्चीत बसून सांभाळल्यावर एक दिवस इन्स्पेक्टरची जागा रिकामी झाली आणि साहेबांनी मला आत बोलावलं.

"सोमलिंग, सीनियॉरिटीनं नंबर तुमचाच आहे. फक्त मेडिकल पास व्हा. इन्स्पेक्टरला दुकानं फिरावी लागतात, पायपीट असते."

ही बातमी मी त्याच संध्याकाळी घरी सांगितली. तिथंच चुकलं. आमची चन्नम्मा मूळची अक्कलकोटकडची. तिच्या पोटात आनंद फार वेळ राहत नाही. भाजी चिरेपर्यंत बातमी गल्लीच्या या टोकाला आणि भाजी शिजेपर्यंत त्या टोकाला पोचली होती. समोरच्या फुलाबाईनं तर तिला तेव्हापासूनच "इन्स्पेक्टरीणबाई" म्हणायला सुरुवात केली.

आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यानं शहाऐंशी किलो दाखवले.

डॉक्टरांनी काट्याला एक टिचकी मारली, मला उतरवलं, पुन्हा चढवलं. काटा आपल्या मतावर ठाम होता. "हे घेऊन पायपीट करणार तुम्ही?" ते म्हणाले. "संक्रांत झाली की या. ऐंशीच्या आत आलात तर फिट. नाहीतर पुढच्या माणसाला पाठवा."

पुढचा माणूस म्हणजे महिपती. हा अकलूजचा. घरचा ऊस, घरचा गूळ, घरचं दूध, आणि अंगावर पाव किलो मांस नाही. माझ्यानंतर सहा वर्षांनी नोकरीला लागला. त्याच्या हाताखाली काम करायचं या कल्पनेनंच माझी भूक मेली. (जेवणाच्या वेळेपर्यंत परत आली.)

व्यायामाची सुरुवात घरातून केली. पहिल्याच दिवशी बारा बैठका मारल्या. तेराव्या बैठकीला खाली गेलो तो तिथंच राहिलो. चन्नम्मानं मला दोन्ही काखांत हात घालून उठवलं आणि म्हणाली, "अंगात एवढा जोर आलाय तर शेंगाची चटणी कुटून द्या की. हात तरी हलतील."

मला ते पटलं. उखळ घेतलं, भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घातलं आणि कुटायला बसलो. आता चटणी जमलीय की नाही हे चाखल्याशिवाय कसं कळणार? आणि नुसती चटणी चाखली तर तोंड पोळतं, म्हणून भाकरीचा तुकडा. तेल सुटेपर्यंत कुटली तेव्हा चटणी निम्मी उरली होती आणि मी दोन भाकऱ्या व्यायाम केला होता.

"साकु!" चन्नम्मा ओरडली. ती चिडली की तिला कानडीच सुचतं, आणि साकु म्हणजे पुरे. घरचा व्यायाम तिथं संपला.

मग ठरवलं, ऑफिसात हालचाल वाढवायची. शिपायाला हाक न मारता फाइली स्वतः उठून आणायच्या, पाणी स्वतः घ्यायचं. दोन दिवस आणल्या. तिसऱ्या दिवशी आमचा धोंडीराम शिपाई स्टुलावर डोकं धरून बसलेला.

"काय झालं रे धोंडीराम?"

"अण्णा, एकोणीस वर्सं झाली मला हितं. माझं काय चुकलं त्ये तोंडावर सांगा. सायबाकडं रिपोट कशाला?"

"कसला रिपोर्ट?"

"मग माझी कामं तुमी का करायलाव? दोन पोरीची लग्नं ऱ्हायल्यात वो माझी!"

मी त्याला वजनाचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून मी फाइलीचं नाव काढायच्या आत फाइल टेबलावर. घशाला कोरड पडायच्या आत पाण्याचा ग्लास. पूर्वी निदान साहेबांच्या खोलीपर्यंत तरी मी चालत जायचो, आता कागदही तोच नेऊ लागला. ऑफिसातली माझी हालचाल साफ बंद झाली.

राहता राहिला रस्ता. म्हणून ठरवलं की पहाटे सहाला गिरणीचा भोंगा झाला की निघायचं, बाळीवेशीतून मधल्या मारुतीवरून विजापूर वेस करत सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं.

आता सोलापूरचं एक सांगतो. इथं माणूस कुठंतरी जायला निघतो. नुसता निघत नाही. पहिल्या सकाळी घरापासून मारुतीपर्यंत मला अकरा जणांनी विचारलं, "कुठं निघालाव अण्णा?" मी म्हणायचो, "कुठं नाही, असंच." हे उत्तर ऐकून माणसं काळजीत पडायची. एकानं माझा हात धरून हळूच विचारलं, "घरात काय झालंय का?" दुसऱ्यानं बळंच हॉटेलात नेऊन चहा आणि दोन भजी चारली आणि संसारात असं व्हायचंच म्हणून धीर दिला. विजापूर वेशीपाशी धोंडीराम सायकलवरून आला.

"चालत?" त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "बसा मागं."

"अरे, मला चालायचंय."

"मी जित्ता असताना? बसा म्हंतो न्हवं!"

त्यानं मला कॅरियरवर बसवून थेट घरी आणून सोडलं. वाटेत चढ लागला तेव्हा तो उतरून सायकल ढकलत होता, मी वर बसलेला. (त्या सकाळी व्यायाम झाला, पण त्याला.)

विचार करता करता उपाय सापडला. निघण्याला काहीतरी कारण दिसलं पाहिजे. दारामागं रॉकेलचा पाच लिटरचा डबा होता. तेव्हा रॉकेलची अशी टंचाई होती की डबा महिन्यातले पंचवीस दिवस दारामागंच असायचा. दुसऱ्या दिवशी चन्नम्माला न विचारता तो उचलला आणि निघालो.

काय जादू झाली म्हणून सांगू! कुणी "कुठं?" म्हटलं की मी डबा वर करायचो. समोरचा मान डोलवायचा आणि वाट सोडायचा. चहा नाही, भजी नाही, धीर नाही. धोंडीरामसुद्धा लांबूनच नमस्कार करून गेला. मी झपाझप तळ्यापर्यंत गेलो. पाण्यावर धुकं होतं, देवळाचा कळस नुकता उजळत होता, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा मला माझे पाय आवडले. खरंच सांगतो, फार बरं वाटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज इन्स्पेक्टर असतो. पण अंगात हुशारी आली. रिकामा डबा हलवण्यात कसला व्यायाम, म्हणून येताना वाटेतल्या नळावर तो पाण्यानं भरून घ्यायला लागलो. दर चौकात हात बदलायचा. घरी येईपर्यंत घामानं निथळायचो. डब्यातलं पाणी मागल्या अंगणात तुळशीला. तुळस दोन दिवसांत मलूल झाली. चन्नम्मा म्हणाली थंडीनं.

माझ्या डोळ्यांनी बघितलं तर हा व्यायाम होता. आता तो फुलाबाईच्या डोळ्यांनी बघा. पुरवठा खात्यातला माणूस. गावात पंधरा दिवस रॉकेलचा थेंब नाही. आणि हा रोज पहाटे रिकामा डबा घेऊन घाईघाईनं जातो आणि तासाभरानं जड डबा घेऊन, इकडंतिकडं बघत, मागल्या अंगणातून घरात शिरतो.

पाचव्या सकाळी मी निघालो तेव्हा फुलाबाई तिच्या दारात उभी होती. हातात डबा. मी "काय फुलाबाई?" म्हटलं, ती "काय न्हाय" म्हणाली. मी चालायला लागलो, तीही चालायला लागली. वीस पावलांचं अंतर राखून.

पुढच्या वळणावर मागं पाहिलं तर चौघीजणी होत्या. मधल्या मारुतीला वीस-पंचवीस माणसं होती, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. दुधाची किटली, औषधाची काचेची बरणी, एकाकडं तर सायकलच्या कॅरियरला बांधलेला पत्र्याचा पंधरा किलोचा डबा. मी वेग वाढवला, तर मागं डब्यांचा खडखडाट वाढला. थांबलो, तर सगळे थांबले आणि कुणी आकाशाकडं, कुणी मारुतीकडं बघायला लागले.

शेवटी मी मागं वळलो आणि सरळ सांगून टाकलं. "हे बघा, मी रॉकेलला निघालेलो नाही. मी व्यायामाला निघालोय."

मग फुलाबाई पदर तोंडाला लावून हसली. "व्हय व्हय. आमीबी व्यायामालाच निघालोय की. चला, म्होरं व्हा."

सगळी गर्दी हसली. एक म्हातारा पुढं येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "तुमची सरकारी अडचण कळती आमाला. बोलू नगा. नुस्तं चालत ऱ्हावा."

मी चालत राहिलो. दुसरं काय करणार? माझा विचार असा की पाठलाग करून थकतील आणि घरी जातील. पण रॉकेलसाठी माणूस थकत नाही, वजनासाठी थकतो. विजापूर वेशीला शंभरएक जण झाले. रात्रपाळी सुटलेले गिरणीकामगार काही न विचारता सामील झाले, कारण एवढी माणसं डबे घेऊन चाललीत म्हणजे विचारायचं काय? मी तळ्याला एक चक्कर मारली, गर्दीनं तळ्याला एक चक्कर मारली. मी दुसरी मारली, तर मागून एकजण कौतुकानं म्हणाला, "लई हुशार हाय. इन्स्पेक्टर मागावर असंल, चकवायलाय त्येला."

तिसरी चक्कर माझ्यानं होईना. परतीच्या वाटेवर एका गल्लीत शिरलो. तिथं डाव्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. समोर बंद दुकानाची पायरी दिसली, तिच्यावर गल्लीच्या तोंडाकडं पाठ करून मटकन बसलो आणि पोटरी चोळायला लागलो.

मागं डबे जमिनीवर टेकवल्याचे आवाज ऐकू आले. एक, दोन, दहा, पन्नास. मान वळवली तेव्हा माझ्या मागे रांग लागली होती, गल्लीच्या तोंडापर्यंत आणि त्याच्याही पलीकडं. मग डोक्यावरची पाटी वाचली. रास्त भावाचं दुकान. खाली मालकाचं नाव, तिप्पण्णा.

गल्लीच्या तोंडाकडून ओळखीचा आवाज आला. "अहो पुढचे! तो पुढं बसलेला जाडा माणूस कोण? हलत का नाही तो? उठवा की त्याला!"

चन्नम्मा होती ती. रॉकेल आल्याची बातमी घरापर्यंत पोचली, दारामागं डबा सापडला नाही, म्हणून तुपाची बरणी आणि रेशनकार्ड घेऊन धावत आली होती. तिला मी दिसत नव्हतो, फक्त माझी पाठ दिसत होती. (बावीस वर्षांच्या संसारानंतर पाठ ओळखायला हरकत नव्हती.) फुलाबाईनं तिला बोलावून घेतलं, "इन्स्पेक्टरीणबाई, हितं या, तुमचंच मानूस हाय."

एवढ्यात दुकानाच्या वरच्या मजल्याची खिडकी उघडली. दात घासता घासता तिप्पण्णानं खाली डोकावलं. रांग पाहिली. पायरीवर पुरवठा खात्याचा कारकून पाहिला. मंजनाचा फेस तसाच ठेवून तो आत गेला, धडधडत जिना उतरून आला आणि हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला.

"अण्णा, एवढं पंच घेऊन कशाला आलाव? नुसता निरोप धाडला असता तरी उघडलं असतं की मी!"

"तिप्पण्णा, ऐका. माझ्या पोटरीत गोळा..."

"वळसंगला मेहुणीच्या लग्नाला बत्त्या लागतात म्हणून दोन पिंपं मागं ठेवलीवती, बाकी देवाशपथ काय नाही. लिहून नका घेऊ अण्णा. आत्ता वाटतो. सगळ्यांसमोर वाटतो!"

आणि त्यानं खरोखरच मागच्या खोलीतून दोन भरलेली पिंपं गडगडवत आणली.

रांगेतून जो आवाज उठला तो मी जन्मात विसरणार नाही. बायका हसत होत्या, गिरणीकामगारांनी माझ्या नावाचा जयजयकार केला, म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. चन्नम्मा कार्ड घेऊन पुढं आली. रांगेत पहिला नंबर माझा असल्यानं पहिलं रॉकेल माझ्या डब्यात पडलं. तिच्या तोंडावर इतका अभिमान होता की मी लंगडत असूनही छाती पुढं काढली.

फक्त डब्याच्या तळाशी आदल्या दिवशीचं पाणी होतं, हे मला घरी गेल्यावर आठवलं. साऱ्या गल्लीत स्टो फरफरत होते, चहाचा वास सुटला होता, आणि आमचा स्टो मात्र खोकत, थुंकत, विझत होता. मग डब्याचं सगळं सांगावंच लागलं. चन्नम्मा दोन दिवस फक्त कानडीत बोलली. फुलाबाईनं आमच्यासाठी चहा पाठवला.

ऑफिसात पोचलो तेव्हा वाटलं, संपलं. खात्याचा माणूस गर्दी घेऊन गावातून फिरला, आता नोकरी राहील तर नशीब. साहेबांच्या खोलीत लंगडत गेलो. (पोटरी अजून तळ्याच्या दोन चकरा विसरली नव्हती.)

साहेब खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले. "सोमलिंग! धाड घातलीत म्हणे?"

"नाही साहेब, मी फक्त फिरायला..."

"साधा वेश, हातात रिकामा डबा, दीडशे साक्षीदार! सतरा वर्षं कुठं लपवलं होतं हे डोकं? जा, मेडिकल उरका. ऑर्डर टाइप करून ठेवतो."

आता फक्त वजन. पण गल्लीनं माझं जे कौतुक केलं ते सगळं ताटातून केलं. फुलाबाईनं बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा पाठवला. मारुतीजवळच्या म्हाताऱ्याच्या सुनेनं शेंगापोळ्या. भोगीला सात घरांतून भोगीची भाजी आली, संक्रांतीला तिळाच्या पोळ्या किती आल्या ते मी मोजलं नाही. नाही म्हणायला लागलो तर माणसं म्हणायची, "का अण्णा, इन्स्पेक्टर झाल्यावर आमचं गोड लागंना व्हय?" आणि फिरायला जायची सोय राहिली नव्हती. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की दहा दारं उघडायची आणि दहा डबे बाहेर यायचे.

संक्रांतीनंतर काट्यावर चढलो. डॉक्टरांनी काट्याला टिचकी मारली नाही. नुसतंच माझ्याकडं बघत राहिले.

"एकोणनव्वद," ते म्हणाले. "इतक्या दिवसांत काय केलंत तुम्ही?"

"व्यायाम," मी म्हणालो.

महिपती इन्स्पेक्टर झाला. त्या संध्याकाळी घरी जाताना मला खरंच वाईट वाटत होतं. स्वतःसाठी फारसं नाही. चन्नम्मानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, तिला आता काय तोंड दाखवायचं याचं. मी दारात उभं राहूनच सांगून टाकलं. तिनं पाट मांडला.

"या, बसा. आहे ती नोकरी गेली नाही ना? मग जेवा. आणि फुलाबाई काय म्हणते माहीत आहे? इन्स्पेक्टर कुणीही होतो. रॉकेल सगळ्यांना जमत नाही." असं म्हणून ती पदराआड हसली, आणि मलाही हसू आलं. त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आता कशाला मागं राहायचं?

साहेबांनी मात्र मला वाया जाऊ दिलं नाही. आठवड्यानं त्यांनी नवीच कामगिरी काढली. मी रोज एका रेशन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचं. काही विचारायचं नाही, काही लिहायचं नाही. ऑफिसची जीप सकाळी सोडते, संध्याकाळी नेते. मी बसलो की दुकानदार आपण होऊन मागची खोली उघडतो आणि बघता बघता रांग लागते. सोलापुरात यंदाच्या हिवाळ्यात रॉकेल मिळालं ते माझ्या बैठकीवर, असं धोंडीराम सांगत फिरतो. (जेवणाचा डबाही तोच आणून देतो.)

परवा पायांना फारच मुंग्या आल्या म्हणून उठलो आणि चार पावलं टाकली. मागं खडखडाट झाला. वळून पाहिलं तर सगळी रांग डब्यांसकट माझ्या मागे, आणि दुकानदार खुशीत दाराला आतून कडी घालतोय. दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम आला. 'सदर कर्मचाऱ्याने कामावर असताना चालू नये.' खाली लिहिलं होतं, प्रत इन्स्पेक्टर यांस, अंमलबजावणीसाठी.

तेव्हापासून महिपती दिवसातून दोनदा सायकल मारत येतो आणि मी नीट बसलोय का, हे तपासून जातो.